अण्णांचा बांबू

मांडवात शिरल्यावर माणसे वधूवरांकडे पाहतात; बेंगळूरजवळच्या येलहंक्यातले आमचे शेजारी अण्णा मांडवाच्या बांबूंकडे पाहत. बांबू वाळका आणि काळ्या ठिपक्यांचा निघाला की खिशातून आधी भिंग येई, मागोमाग चाकू. अशाच एका लग्नात त्यांनी खांब कापला आणि मांडव वऱ्हाडावर कोसळला, असे आमच्या गल्लीत अजून सांगतात. साफ खोटे! मी पहिल्याच पंगतीत होतो. अण्णांनी केवळ एक ढलपी काढली. कोसळला तो आचारी, अण्णांच्या हातातला चाकू पाहून.

अण्णा वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मेलेल्या बांबूवर जगणाऱ्या सूक्ष्म बुरशा ओळखून त्यांच्या जाती ठरवणे, हा त्यांचा ध्यास. नव्वदच्या दशकात अवघे बेंगळूर संगणकाने झपाटले होते. अण्णा मात्र ओल्या टीपकागदाच्या डब्यांत बांबूचे तुकडे ठेवून बुरशी जोपासत. झाकण उघडण्याची मी घाई केली की म्हणत, "स्वल्प दम धरा हो राव! ती काय इडली आहे?"

त्या ढलपीवरची बुरशी कोणत्याच ज्ञात जातीत बसेना. "नवी जात आहे, राव! पण एका ढलपीवर कोण विश्वास ठेवणार? दुसरा नमुना हवा, चांगला वीतभर." त्यासाठी अण्णांनी वर्षभर साऱ्या वखारी पालथ्या घातल्या.

आणि तो सापडला त्यांच्याच पडवीत! अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ज्यावर कपडे वाळत घालीत, त्या बांबूवर. त्या गेल्यापासून तो मधे झुकलेला बांबू नुसताच टांगलेला होता. अण्णांनी ठिपका खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि ओरडले, "हीच!"

मी करवत आणून दिली. "कापा, अण्णा. मधोमधच कापा, तिथे ठिपके दाट आहेत."

"तिथेच तिचा हात पोचायचा," अण्णा म्हणाले. "उंचीने जरा कमी होती ना."

पुढे लोकांनी उठवले की म्हाताऱ्याची बुरशीची जात ओळखण्यात चूक झाली, म्हणून त्याने शोध जाहीरच केला नाही. चुकली कसली! तेव्हा मी तिथेच होतो. सूक्ष्मदर्शकात मीही डोकावलो होतो. जात नवीच होती.

अण्णांनी करवत मला परत दिली, खांद्यावरचा ओला पंचा झटकला, आणि टाचा उंचावून बांबूच्या बरोबर मधोमध वाळत घातला. त्यांना टाचा उंचावण्याची काहीच गरज नव्हती. ते चांगले सहा फूट उंच होते.