रक्तमुक्त हिरड्यांची शाळा

राष्ट्राचा पाया शाळेत घातला जातो, हे सर्वमान्य आहे. दाताचा पाया हिरडीत असतो, हे मात्र वरिष्ठ कार्यालयाच्या ध्यानात यंदाच आलं. ध्यानात येताच परिपत्रक निघालं. ज्या शाळेत एकाही मुलाच्या हिरडीतून रक्त येणार नाही, ती 'रक्तमुक्त शाळा'. तिला ढाल, आणि मुख्याध्यापकांना शाल. जिथे रक्त आढळेल, तिथल्या मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा द्यायचा. (रक्त मुलाचं, खुलासा सरांचा.)

अकोटकडच्या एका खेड्यात खुशालराव मुख्याध्यापक होते. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि आजवरच्या नोकरीत ना डाग ना शाल. त्यांनी कंबर कसली. पट एकशे चार, म्हणजे हिरड्या दोनशे आठ. वरची एक, खालची एक. गैरहजर मुलांच्या हिरड्याही गैरहजर धरण्यात आल्या. ब्रश आले, ते खराब होऊ नयेत म्हणून कपाटात कुलूपबंद झाले. सोमवारी तेवढे फोटोपुरते बाहेर निघत.

एका सोमवारी उत्साहाच्या भरात पोरांनी खरंच दात घासले, आणि पाचवीतल्या दामिनीच्या तोंडातून लाल फेस आला. तिच्या हिरड्या कधीच्या सुजल्या होत्या. भाकर तर सोडाच, शाळेतल्या खिचडीचा घासही ती गालात धरून मऊ व्हायची वाट बघायची.

"सर, ब्रश केला का रगत येते," ती म्हणाली.

"मंग नको करू ना वं ब्रश!"

थोर शोध असेच लागतात. रक्त कशानं येतं? घासल्यानं. त्याच दिवशी शाळेत घासणं बंद झालं आणि रक्तस्रावाचं प्रमाण शंभर टक्क्यांनी घटलं. एवढं यश आजवर कुठल्या दवाखान्यालाही आलेलं नाही. फोटोत ब्रश गालाजवळ धरण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

दामिनीच्या वर्गशिक्षिका हर्षा मॅडम यांना मात्र विज्ञानाचं वावडं होतं.

"सर, परवा दाताच्या डॉक्टरीणबाईची गाडी येऊन राहिली. दामिनीले दाखवून देऊ. पोरगी उपाशी राह्यते."

"एका पोरीपायी साऱ्या शाळेले डाग लावता काय, मॅडम? तिच्या मायले सांगा, मिठाच्या पाण्यानं चूळ भर मनाव."

"आन् दात पडला तं?"

"नवीन येते! वयच हाये तिचं."

(हलत होता तो दात नवीनच होता. पण परिपत्रक हिरड्यांपुरतं होतं, दातांचा विषय त्यात नव्हता.)

तपासणीच्या दिवशी पुष्पगुच्छ देण्याचा मान दामिनीला मिळाला. म्हणजे ती स्वागत समितीत गेली, आणि समितीच्या सदस्यांची तपासणी करणं शिष्टाचारात बसत नाही. अमरावतीहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी धरली. "किती गोड मुलगी! हस ना गं जरा." दामिनी ओठ मिटून हसली. तसा सराव झालेला होता.

"हिला काही त्रास?"

"लाजाळू हाये, बाकी काई नाई," खुशालराव म्हणाले.

हर्षा मॅडमचं तोंड उघडलं होतं. पण त्यांचा बदलीचा अर्ज सरांच्या सहीसाठी पडून होता, त्यामुळे ते पुन्हा मिटलं.

शाळा रक्तमुक्त ठरली. रक्तमुक्त शाळेत डॉक्टरांची गाडी पुन्हा पाठवण्याचं काही कारण उरत नाही, म्हणून ती आली नाही. दिवाळीच्या आधी दामिनीचा समोरचा दात पडला. तो घरी पडल्यामुळे शाळेचा त्याच्याशी संबंध नव्हता.

तुम्हाला खुशालरावांचा राग आला असेल. यावाच, माणूस एकूण संतापजनकच आहे. फक्त एक आठवून बघा. मागे तुमचं लेकरू तोंडात फेस घेऊन तुमच्याजवळ आलं होतं, रक्त येतंय म्हणून सांगायला. तेव्हा मोबाइलमधून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "हळू घासत जा."