म्हशीचं माप

आमच्या गावच्या उद्यानाचं फाटक मी बनवलं आहे, हे आधीच सांगून टाकतो! गवंडी दुसरा होता, सिमेंट सरकारी होतं. पण माप माझं. ते मी उद्यान समितीच्या रजिस्टरात स्वतःच्या हातानं लिहिलं. पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलेला माणूस अशी एक ओळ लिहितो तेव्हा दोन दिवस गावात छाती काढून फिरतो. मी आठ दिवस फिरलो.

पातूरकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आमचा तलाव आहे. त्याच्या काठानं उद्यान झालं, पाळीपर्यंत, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधापर्यंत, फिरायची वाट झाली. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही जाता यावं म्हणून पायऱ्यांऐवजी सिमेंटचा चढ केला. 'दिव्यांगांसाठी सुगम मार्ग' असा फलक लागला. तो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचो. त्याला वाचता येत असलं तरी!

भीती एकच होती, नत्थुजीची म्हैस. नवी रोपं तिला लग्नाच्या पंगतीसारखी वाटायची. म्हणून दाराशी दोन सिमेंटचे खांब रोवायचे ठरले. मधून माणूस जावा, म्हैस अडावी. मी नत्थुजीच्या गोठ्यात गेलो, म्हशीच्या पोटाच्या रुंदीची दोरी घेतली आणि त्यातून चार बोटं कमी केली. म्हशीनं शेपटीचा फटका माझ्या तोंडावर हाणला. पण शास्त्रीय कामात एवढं चालायचंच!

माझी मोठी बहीण भागीरथाबाई दोन वर्षांपासून चाकाच्या खुर्चीवर आहे आणि आता लेकीसोबत आमच्याच गावात राहते. अर्धांगवायूनं पाय गेले, जीभ मात्र शाबूत आहे. बाहत्तरच्या दुष्काळात याच तलावाच्या पाळीवर तिनं डोक्यावरून माती वाहिली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

ती एक दिवस म्हणाली, "पुंजा, माती मी वाह्यली, पन पानी काही डोये भरून पाह्यलं नाही. तलाव भरला तवा माहं लगन होऊन गेलं होतं. एक डाव नेतं का?"

"नेतो ना बाई!"

"पन मले कोनी उचलायचं नाही. दवाखान्यात उचलतेत, लग्नात उचलतेत, चार जन मिळून पोत्यावानी. मी का पोतं आहो?"

"बाई, तुले कोनी बोट लावनार नाही. पुंजाजीचा शब्द आहे!"

रविवारी निघालो. खुर्ची ढकलायला बाईची मुलगी ज्योत्स्ना होती. फाटकाशी आलो तर आतल्या गुळगुळीत चढावर सुंदराबाईनं कुरडया वाळत घातलेल्या!

"सुंदराबाई, उचला हे! हा चढ दिव्यांगांसाठी आहे."

"तीन महिन्यात एक तरी आला काय? म्हनून टाकल्या मी!" असं म्हणत तिनं बडबडत कुरडया गोळा केल्या. चढ मोकळा झाला. मी राजासारखा हात पुढे केला. "चाल ज्योत्स्ना!"

खुर्ची दोन खांबांमध्ये शिरली आणि खट्टकन अडकली.

"मामा, चार बोटं कमी पडून राहिले," ज्योत्स्ना म्हणाली.

चार बोटं! बाईनं डावीकडचा खांब पाहिला, उजवीकडचा पाहिला.

"काहून रे पुंजा, कोनाचं माप घेतलं होतं?"

मी खाली मान घालून सांगितलं.

"म्हंजे मले म्हशीत धरलं तुनं!"

"आमच्या कुरडया उचलाले लावल्या," सुंदराबाई म्हणाली, "आता खांब उचला ना भाऊ!"

तोवर माणसं जमली. चौघांनी बाह्या सरसावल्या. "सरका, आत्ता उचलून नेतो आजीले!"

बाईनं मांडीवरची काठी उगारली. "हात लावसान तर डोकं फोडीन! ज्योत्स्ना, फिरव खुर्ची. चाल घरी."

माझा शब्द त्या खांबांमध्ये लटकत होता आणि बाई पाण्याकडे पाठ करून निघाली होती.

इतक्यात नत्थुजी डोकं खाजवत पुढे आला. "पुंजाजी भाऊ, रागावसान नाही तर एक सांगतो. माही म्हैस तर रोज आत जाते."

"कुठून?"

"मांगून. नाल्याच्या बाजूनं तार वाकवली तिनं. तिकून पान्यापर्यंत सपाट वाट पडली आहे."

आतलं शेण मी रोज पाहत होतो. पण रजिस्टरात 'म्हैस येऊ शकत नाही' असं मीच लिहिलेलं. लिहिलेलं खोटं कसं असेल? म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता!

म्हशीच्या वाटेनं निघालो. खुरांनी तुडवून तुडवून ती दगडासारखी टणक झालेली. जिथे चढ होता तिथे म्हशीनं वळसा घेतला होता, जिथे खड्डा होता तिथे तो टाळला होता. खुर्ची खडखडली, पण थांबली नाही. कोणी बाईला बोट लावलं नाही. पुढची चाकं पाण्याला टेकली तेव्हा ज्योत्स्नानं खुर्ची धरली.

समोर अख्खी पाळ दिसत होती. बाईनं मांडीवरची काठी पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. मग म्हणाली, "पाळीवर नेलं असतं तर पाळ दिसलीच नसती रे. ते पाह्य, त्या बाभळीपाशी. तिथली माती माही आहे."

दुसऱ्या दिवशी मी दोरी घेऊन तिच्याकडे गेलो. "बाई, खुर्चीचं माप दे."

"हे पयलेच इचारलं असतं तर?"

समितीत आम्ही अकरा जण, सगळे दोन पायांवर चालणारे. तिला विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं. मी माप घेतलं.

खांब सरकवले. रजिस्टरातली जुनी ओळ खोडून नवी लिहिली. मग काळजी वाटली म्हणून नत्थुजीला विचारलं, "फाटक आता मोठं झालं. तुमची म्हैस आता इथून आत येईन काय?"

"नाही येत भाऊ. परवा आली होती, पन तुमचा तो सिमेंटचा चढ पाहून परत फिरली. तिले तो लय उभा वाटते."

हे मात्र मी अजून रजिस्टरात लिहिलेलं नाही.