न धुतलेलं आतडं

दुकानाच्या फ्रीजमध्ये माणूस काय ठेवतो? थंडाच्या बाटल्या, दह्याचा डबा, उन्हाळ्यात फार तर एखादं कलिंगड. माझ्या फ्रीजमध्ये मेंढीचं आतडं असायचं. दोन्ही टोकांना सुतळीनं करकचून गाठी मारलेलं, पिशवीत गुंडाळलेलं, आणि वर चिठ्ठी : 'हलवू नये. आप्पा.'

आम्ही वाणी माणसं. घरात अंड्याचं नाव निघालं तरी आई देव्हाऱ्याकडं बघते. नवं परदेशी थंड तेव्हा नुकतंच आमच्या बीडच्या पेठेत आलं होतं, आणि फ्रीज कंपनीनंच दिला होता. बाटल्या नीट मांडल्यात की नाही ते बघायला कंपनीचा टाय लावलेला पोरगा औरंगाबादहून आला. त्यानं बाटल्यांमागची पिशवी उलगडली आणि बाहेर जाऊन माझ्या पायरीवर डोकं धरून बसला. लाज गेली ती माझी. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "गाठ तर सोडली न्हाई ना त्यानं?"

आप्पा म्हणजे डॉक्टर भीमाशंकर हालगे, माझे शेजारी. गुरांचे डॉक्टर, निवृत्त. बायको गेलेली, मूलबाळ नाही. अशा माणसानं देवळाच्या ओट्यावर बसावं, चार गोष्टी सांगाव्यात. यांनी पुढच्या खोलीत आपला जुना सूक्ष्मदर्शक मांडला आणि मेलेल्या जनावराच्या पोटात कोणता जंतू होता, ते शोधायचा उद्योग सुरू केला. फुकट. वर येणाऱ्याला शिव्या, आणि आतडी ठेवायला माझा फ्रीज.

"आतडं म्हंजे धर्मशाळा हाय, शिवा," ते मला सांगायचे. "लाखो जंतू उतरलेले. बहुतेक गरीब बिचारे. एखादाच चोर. त्यो वळखायचा सोडून सगळी धर्मशाळा पेटवायची व्हय बे?" पेटवणारे म्हणजे मोटारसायकलवरून जनावरांच्या औषधाच्या रंगीत पावडरी विकत हिंडणारे नवे एजंट. हगवण असो की ताप, एकच पुडी. एजंट दिसला की आप्पा रस्त्यात उभे राहून त्याला कोणता जंतू ते विचारायचे. बिचारा गाडी वळवून दुसऱ्या गल्लीनं जायचा. माझी गिऱ्हाइकंही त्याच गल्लीनं जायला लागली, त्याचं कुणाला काही नाही.

एकदा सकाळी तलवाड्याचा मारुती आला. हा मेंढपाळ. बरोबर बायको, कौसा, आणि हातात स्टीलचा डबा. आप्पांनी माझ्या दुकानापुढंच डबा उघडला आणि त्यांचा आवाज पेठेच्या दुसऱ्या टोकाला गेला.

"धुतलं कावून बे?"

आतडं स्वच्छ धुतलेलं, उलटं करून निपटलेलं, वर हळदही लावलेली.

"तुमच्यासारख्या मोठ्या मान्साकडं घाण कशी आनायची?" मारुती म्हणाला.

"त्या घाणीतच सगळं हाय. आता ह्याचं काय करू? कालवण?"

हळद बघून मला हसू येत होतं, पण कौसाकडं बघितलं आणि तोंड मिटलं. बाईचे डोळे सुजलेले होते. तिच्या सख्ख्या भावानं आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतल्या होत्या. कळप रात्रभर रानात बसवला की लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून शेतकरी मेंढपाळाला आवर्जून बोलावतात. सकाळी त्यातल्या चांगल्या धष्टपुष्ट मेंढ्या पाय झाडून मेलेल्या. मेव्हण्यानंच विष घातलं, अशी मारुतीची खात्री झाली. त्यानं कळप दुसऱ्याच्या रानात हलवला आणि बायकोला शपथ घातली : माहेरची पायरी चढलीस तर माझं मढं बघशील.

"त्यो आसं करनार न्हाई, डॉक्टर," कौसा म्हणाली. "पन माझं कोन ऐकतंय?"

आप्पांचा आवाज एकदम खाली आला. आतडं बांधायचं कसं, ते त्यांनी मारुतीला माझ्या पायजम्याच्या नाडीवर दाखवलं. "अजून एखादी गेली तर लगेच फाड, अन् हे आसं बांधून आन. उशीर केला तर मेलेल्या पोटात सगळेच जंतू माजत्यात. मग चोर घावत न्हाई."

आणि गेलीच एक. मारुती धावत आला, आतडं बांधलेलं, न धुतलेलं. नेमकी तेव्हाच वीज गेली. वीज तयार होते परळीला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, आणि अंधारही आमच्याच जिल्ह्यात. आप्पांनी मला बर्फाच्या कारखान्यावर पिटाळलं. भर उन्हात डोक्यावर बर्फाची लादी घेऊन, एका मेंढीच्या आतड्यासाठी मी पेठेतून चाललो. लोक विचारत होते, लग्न कुणाचं?

आप्पांनी काचेवर थोडा लगदा पसरून रंग दिला आणि डोळा लावला. नळीतून जांभळ्या आखूड काड्यांसारख्या जंतूंची नुसती दाटी दिसत होती. "घावला चोर," ते म्हणाले. एक तुकडा बर्फात घालून त्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेला धाडला. तिथूनही तेच उत्तर आल्यावर मला म्हणाले, "स्कूटर काढ." दुकान कोण बघणार, हे विचारायची पद्धत त्यांच्यात नव्हती.

तलवाड्यात त्यांनी मारुती, कौसा आणि तिचा भाऊ, तिघांना समोर बसवलं.

"मेंढ्यांला खायला काय घातलंतं?" त्यांनी भावाला विचारलं.

"ज्वारी. पाट्याच्या पाट्या वतल्या. भैनीच्या मेंढ्या, म्हनलं, पोटभर खाऊ द्या."

"ह्यो जंतू मेंढीच्या पोटात आसतोच. गप पडून ऱ्हातो. एकदम लई दाणा गेला की माजतो, अन् आतल्या आत इख करतो. भाएरून कुनी घातलं न्हाई. मागनं दुसऱ्या रानात पडलेली कणसं खाऊन जी मेली, तीबी ह्याच्यानंच."

भावाचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच मारल्या की."

"पुढच्या बारीला गवत घाल. माया तेवढीच दिसती," आप्पा म्हणाले. "अन् तू रं मारुती, मेंढ्यांला लस टोचून घे."

मारुतीनं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं. मग बायकोकडं न बघता म्हणाला, "सुटली." घातलेली शपथ अशीच सोडतात, एका शब्दात. कौसा उठली आणि भावाच्या मागून त्याच्या घराकडं निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत आप्पा बघत राहिले.

परतताना वाटेत एका शेताशी मान दुसरीकडं फिरवून म्हणाले, "ह्ये माझ्या भावाचं."

आप्पांना भाऊ आहे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

"त्याच्या बैलाला मी सुई दिलती. पहाटे बैल गेला. त्यो म्हनला, तूच मारलास. तवापासून बोलनं न्हाई."

"मग तेव्हा फाडून का नाही बघितलं?"

"माझ्याच सुईनं गेला आसंल तर?" आप्पा म्हणाले. "भ्यालो."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. साऱ्या जिल्ह्याची आतडी उपसणारा माणूस, आणि स्वतःच्या भावाचा बांध टाळून जातो. मी स्कूटर वळवली. आप्पा मागून शिव्या देत होते, दिल्या तेवढ्या घेतल्या. बांधाशी थांबलो आणि म्हणालो, "उतरा."

भाऊ गोठ्यापुढं कडबा तोडत होता. तोही म्हातारा झाला होता. हातातला विळा तसाच धरून तो बघत राहिला. आप्पांनी धोतर सावरलं, घसा खाकरला.

"जनावरं बरी हायती का?" त्यांनी विचारलं.

भावानं विळा खाली ठेवला. "ये की," तो म्हणाला. "येऊन बघ."