गोटू अस्वलाची उंची

एका जंगलात, जिथे मे महिना लागला की सगळ्यांना कुठेतरी जाऊन यावंच लागतं, तिथे केसरराव नावाचं अस्वल राहायचं. जंगलाच्या शाळेत ते मूल्यशिक्षण शिकवत. घरी बायको रेशमाबाई, मुलगा गोटू आणि धाकटी चिमी. चिमी इतकी लहान होती, की तिला दोनच गोष्टी कळत. भूक आणि शू.

जंगलापलीकडे मौजवन होतं. तिथे आकाशगोता नावाचा भला उंच पाळणा होता. त्यात बसायचं तर बांबूवरच्या लाल रेघेएवढी उंची लागे. मागच्या वर्षी गोटू चार बोटं कमी पडला आणि घरी येईपर्यंत रडला. तेव्हापासून तो रोज जांभळाच्या फांदीला लोंबकळायचा. वर कारलीसुद्धा खायचा. मुलांनो, तुमच्यापैकी कुणी स्वतःहून कारलं खाल्लंय? मग गप्प बसा आणि ऐका.

यंदा मौजवनाच्या दाराशी पोचल्याबरोबर गोटू बांबूला टेकून उभा राहिला. डोकं रेघेच्या चांगलं बोटभर वर.

"बाबा, बघा ना, मी..."

केसररावांनी त्याच्या तोंडावर पंजाच ठेवला. रेघेखालच्या पिल्लांना तिकीट माफ होतं.

"गुडघे वाकव," ते कुजबुजले.

"पण आज मी मोठा झालोय."

"आत गेल्यावर हो मोठा. आत्ता वाकव."

गोटूने वाकवले. तिकीट तपासणाऱ्या बगळ्याने त्याच्या मनगटाला पिवळी वेल बांधली. पिवळी बाळांना, हिरवी मोठ्यांना. रेशमाबाईंचे धपाटे मात्र दारातच काढून घेतले, कारण घरचं खाणं आत चालत नव्हतं. मग वाचलेल्या तिकिटाच्या पैशांत आत चार कणसं आली.

"एवढ्यात बाहेर अख्खं शेत आलं असतं," रेशमाबाई म्हणाल्या.

"सुट्टीत हिशोब करू नये," केसरराव म्हणाले. दारात कोण करत होतं, ते तुम्ही पाहिलंतच.

आकाशगोत्याची रांग भर उन्हात दोन तास चालली. चिमीला बरोबर रांग सरकली की शू यायची. झुडपामागे नेलं की लागेनाशी व्हायची. रेशमाबाईंनी सात फेऱ्या मारल्या. गोटू मात्र जागचा हलला नाही. त्याला पाणीसुद्धा नको होतं.

अखेर नंबर आला. पाळण्यावरच्या लंगुराने गोटूचं मनगट पाहिलं आणि शेपूट आडवी धरली.

"बाळांना नाही."

"अहो, हा मोठा आहे," केसरराव म्हणाले.

"मग वेल पिवळी कशी?"

"ती सकाळची. आत आल्यावर वाढला तो."

"दोन तासांत?"

"रांग किती मोठी आहे, बघताय ना."

लंगूर हसला नाही. त्याने शेपूटही काढली नाही. गोटू हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मी खरंच मोठा झालो होतो. तुम्हीच मला लहान केलंत."

केसररावांना फार वाईट वाटलं. इतकं, की रांगेत त्यांच्या वर्गातली तीन पिल्लं उभी आहेत हेही ते विसरले.

"मी खोटं बोललो," ते मोठ्याने म्हणाले. "तिकीट वाचवायला पोराला गुडघे वाकवायला लावले. पाहिजे तेवढे पैसे घ्या, पण त्याला बसू द्या."

सगळी रांग वळून बघायला लागली. मग कुणीतरी टाळी वाजवली. लगेच सगळे वाजवायला लागले. एका हरिणीने तर डोळे पुसले. लंगुराचंही मन भरून आलं. त्याने गोटूला मापलं, तिकिटाचे पैसे घेतले, हिरवी वेल बांधली आणि त्याला थेट पुढच्या खुर्चीत बसवलं. गोटू आभाळात गेला आणि किंचाळत खाली आला. आयुष्यात तो इतका खूश कधीच झाला नव्हता.

ते पाहून मागचा कोल्हा पुढे आला. "आमच्याही पोराची वेल पिवळीच आहे हो." त्याच्या मागून रानडुक्कर आलं, मग तरस. प्रत्येकाने सविस्तर कबुली दिली. काहींनी लहानपणापासून सुरुवात केली. प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या, नवं माप झालं, हिरवी वेल मिळाली आणि लगेच पाळण्यात खुर्चीही.

रांगेच्या शेवटी साळूताई साळिंदर पोराचा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी सकाळीच पूर्ण तिकीट काढलं होतं. पोराच्या मनगटाला पहिल्यापासून हिरवी वेल होती. कबूल करायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांना पुढे कुणी बोलावलं नाही. सगळ्यांच्या कबुल्या संपेपर्यंत ऊन उतरलं. लंगुराने पाळणा बंद केला.

"आई, आपलं काय चुकलं?" पोराने विचारलं.

साळूताई त्याच्या मनगटाची हिरवी वेल सोडायला लागल्या. जाता जाता केसररावांनी त्या पोराच्या डोक्यावरून, काटे सांभाळून, पंजा फिरवला आणि म्हणाले, "बाळा, नेहमी खरं बोलावं."

तात्पर्य : खरं जरूर बोलावं. फक्त ते पहिल्यापासून बोलू नये, नंबर लागत नाही.