सात नंबरची टोपली

नाना बैसाणे कुठलंही अंतर नजरेनं सांगत नाहीत. समोरच्याची चकती टोपलीच्या बुडाशी पडलेली असो आणि स्वतःची पन्नास फुटांवर बाभळीत लटकत असो, पुढची फेक आधी कोणाची हे ठरवायला ते खिशातून टेप काढतात. टेपचं एक टोक मला धरावं लागतं. बाभळीकडचं.

"नाना, दिसतंय की."

"सर, मोजल्याशिवाय बोलू नये."

नानांची सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली. साक्री तालुक्यातल्या बांधाबांधावर उभं राहून त्यांनी भावाभावांची भांडणं ऐकली, दोघांच्याही शिव्या खाल्ल्या आणि मधोमध दगड रोवले. 'हद्द म्हणजे हद्द' हे त्यांचं दुसरं वाक्य. तिसरं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर ते सहा महिने अमेरिकेत मुलाकडे राहून आले. लोक येताना चॉकलेटं आणतात, नाना बॅगभर प्लास्टिकच्या चकत्या घेऊन आले. खेळ साधा आहे. गोल्फच, पण चेंडूऐवजी चकती फेकायची आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची. कमी फेकींत सगळ्या टोपल्या संपवेल तो जिंकला. देवपूरच्या पलीकडे आमच्या विहाराची टेकडी आहे. प्रत्येक टोपलीमागे दहा कडुनिंब लावून जगवायचे या अटीवर कमिटीनं ती खेळायला दिली. नानांनी जुन्या कूलरच्या स्टँडवर सायकलच्या चेनी वेल्डिंग करून नऊ टोपल्या उभ्या केल्या. गावातले लोक याला 'ताटल्या फेकणं' म्हणतात. नाना प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करतात.

मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. नानांच्या हाती लागायला सांगितलं नव्हतं. पण कॉलेजातून निवृत्त झालेला, अक्षर बरं असलेला आणि नाही म्हणता न येणारा माणूस त्यांना जोडीदार म्हणून हवा होता. याच तीन गुणांवर मी विहार कमिटीचा चिटणीसही झालो होतो.

टेकडीवर बोलायचं कुजबुजत, कारण वर ध्यान चालू असतं. नाना रागावतातही कुजबुजतच. कानाशी येऊन कोणी "मनगट! सर, मनगट!" म्हणून खेकसलं की फेक हमखास निवडुंगात जाते. मग सुरू होतो शोधाचा नियम. चकती शोधायला तीन मिनिटं, त्यानंतर ती हरवली असं धरायचं. नाना गळ्यातलं घड्याळ चालू करून माझ्या डोक्यावर उभे राहतात. एकदा चकती मला दिसली, हात घातला, काटा रुतला आणि तेवढ्यात तीन मिनिटं झाली. "हरवली," नाना म्हणाले. चकती माझ्या हातात होती.

असा हा माणूस. आता सात नंबरची टोपली ऐका.

सातवी टोपली उताराच्या कडेला आहे. तिच्यामागे कमरेएवढी भिंत आणि भिंतीखाली विहारात राहणाऱ्या भंतेंच्या कुटीचं अंगण. बाकी आठ टोपल्यांवर नानांचा नेम असा, की कधीकधी साखळ्या वाजण्याआधीच ते आकडा सांगतात. सातवर मात्र त्यांची चकती दर रविवारी, न चुकता, टोपलीच्या दोन हात वरून भिंतीपलीकडे जाते.

"हद्दीबाहेर. एक दंड. लिहा," असं म्हणून ते घड्याळ माझ्या हातात देतात आणि पायऱ्या उतरून चकती आणायला जातात. पंधरा-वीस मिनिटं येत नाहीत. मी एकदा तीन मिनिटांची आठवण केली, तर म्हणाले, "सर, तो नियम हरवलेल्या चकतीला. ही हरवलेली नाही, हद्दीबाहेर आहे. दोन्ही वेगळं."

मी म्हटलं टोपली दहा फूट अलीकडे घेऊ. चार नंबरची टोपली अर्ध्या फुटासाठी तीनदा उपटणारा हा माणूस, सातला हात लावू देईना. आम्ही दोघंच खेळत असतो तर मी सोसलं असतं. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जामनेरहून अप्पा आपल्या जावयाला घेऊन खेळायला येतात. धुळं विरुद्ध जळगाव. जावई सासऱ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळतो आणि सासऱ्याच्या पुढे जाणार नाही याची काळजी त्याहून चांगली घेतो. असल्या जोडीकडूनही आम्ही हरायचो, आणि हरायचो ते एका फेकीनं. अप्पांचा केळीचा व्यापार आहे.

"काय हो नाना, घडासारखी टोपली समोर लटकतेय अन् तुमची ताटली भिंतीपल्याड? धुळ्याच्या लोकांना एवढी मोठी वस्तूबी दिसत नाही का?"

नाना शांतपणे म्हणायचे, "चकती."

शेवटी मी नानांना न सांगता कमिटीकडे अर्ज केला. 'भंतेंच्या अंगणात चकत्या पडून साधनेत व्यत्यय येतो, सबब सात नंबरमागे उंच जाळी लावावी.' व्यत्यय माझ्या साधनेत येत होता, पण अर्ज असाच करायचा असतो. आमच्या अध्यक्षांना उद्घाटनाचा मोठा नाद आहे. मागे पाण्याची टाकी धुतली तेव्हाही त्यांनी फीत कापली होती. जाळी म्हटल्यावर ते दुसऱ्याच दिवशी कोनशिलेचा मजकूर घेऊन माझ्या घरी आले. 'जाळी लोकार्पण सोहळा.' बैठक बुधवारची ठरली.

त्याआधीच्या रविवारी सहावर उतरताना नानांचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. तशातही ते सातवर लंगडत आले, एका पायावर उभे राहिले आणि चकती भिंतीपलीकडे गेली. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, घोट्याकडे पाहिलं.

"राहू द्या सर. सोडून देऊ ती."

काट्यातली चकती काढायला मला अर्धा तास बाभळीत उभं करणारा माणूस चकती सोडून द्यायला निघाला होता. मी म्हटलं, "मी आणतो." त्यांनी माझी बाही धरली, मग सोडली.

अंगणात भंते ओट्यावर पाठमोरे बसले होते. चार वर्षांपूर्वी ते आमच्या विहारात राहायला आले. कमी बोलणारे, प्रवचन अगदी शुद्ध मराठीत देणारे. चकती त्यांच्या पायाशी नीट ठेवलेली होती. शेजारी काळ्या चहाचे दोन पेले, एकावर बशी झाकलेली.

मागे न पाहताच ते म्हणाले, "आज उशीर झाया ना रे, धाकल्या."

मी खाकरलो. ते वळले, थोडे ओशाळले आणि प्रवचनाच्या मराठीवर आले. "या सर. तो कुठे आहे?"

"पाय मुरगळलाय."

"उतारावर असेल. पिंपळनेरच्या डोंगरातही असाच पडायचा. मोठा म्हणून मार मला बसायचा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चीवर घेतलं की नाव बदलतं, आडनाव जातं, कोणाला कळणार?

"मी घर सोडलं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती," ते म्हणाले. "तिचं सगळं त्यानं केलं. तिच्या उशाशी त्यानं शपथ घेतली, ज्यानं घर टाकलं त्याच्यापुढे मी वाकणार नाही. आणि आमच्यात भिक्खूपुढे बापालाही वाकावं लागतं. म्हणून तो आलाच नाही. पुष्कळ वर्षं. मी इथे आलो तेव्हा बठ्ठा गाव वंदनेला आला, हा नाही. मग एका रविवारी ही चकती आली, आणि तिच्यामागून तो."

"काय म्हणाला?"

"नियम आहे, म्हणाला." भंते हसले. "तेव्हापासून मी ती पायाशी ठेवतो. उचलायला वाकावं तर लागतंच ना. वाकतो, उचलतो, मग बसतो. चहा होतो. आईची आठवण निघाली तर निघते, नाहीतर कडुनिंबांचं बोलतो."

मी वाकलो आणि चकती उचलली. निघताना भंतेंनी विचारलं, "जाळी लावताहेत म्हणे?"

मी चकती काखेत धरून पायऱ्या चढू लागलो.

बुधवारी बैठकीत नाना घोट्याला पट्टी बांधून कोपऱ्यात बसले होते. अध्यक्षांनी माझा अर्ज ठणठणीत आवाजात वाचला. वाचून संपेपर्यंत नाना माझ्याकडे बघत होते. एरवी प्रत्येक ठरावावर हरकत घेणारे नाना एक शब्द बोलले नाहीत. कोणत्या तोंडानं बोलणार? भिंतीपलीकडे आपलं काय आहे हे सांगावं लागलं असतं.

मी उभा राहिलो. "अर्ज मागे घेतो."

"अहो सर, कोनशिलेवर तुमचंही नाव घेतलंय!" अध्यक्ष म्हणाले. "आणि भंतेंच्या साधनेचं काय?"

"मी चौकशी केली. व्यत्यय येत नाही. मोजल्याशिवाय बोललो, चूक झाली."

अध्यक्षांनी मजकुराच्या कागदाची अशा दुःखानं घडी केली, की पुढच्या महिन्यात कडुनिंबांचं लोकार्पण ठेवू असं मला कबूल करावं लागलं.

बाहेर पडताना नाना माझ्याजवळ लंगडत आले. टेकडीवर नव्हतो तरी कुजबुजले, "त्या दिवशी खाली तुम्हाला फार वेळ लागला."

"चकती सापडत नव्हती."

"पायाशीच असते," ते म्हणाले, आणि काठी टेकत पुढे निघून गेले.

पुढच्या पहिल्या रविवारी अप्पा आणि जावई आले. सहा टोपल्या झाल्या तेव्हा आम्ही एका फेकीनं पुढे होतो. अप्पांचं तोंड उतरलं होतं आणि जावयाला घाम फुटला होता. सातवर नानांनी काठी माझ्याकडे दिली, वारा पाहिला, आणि चकती टोपलीच्या दोन हात वरून भिंतीपलीकडे गेली.

"एक दंड. लिहा."

मी लिहिलं. नानांनी घड्याळ माझ्या हातात दिलं, काठी घेतली आणि एकेक पायरी उतरत खाली गेले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. अप्पा चुळबुळू लागले. "ओ सर, घड्याळ तुमच्याकडेच आहे ना? मग लावा की! तीन मिनिटांत नाही सापडली तर हरवली, नियम नानांचाच आहे."

घड्याळ मी खिशात टाकलं.

"अप्पा," मी म्हटलं, "ती हरवलेली नाही. हद्दीबाहेर आहे. दोन्ही वेगळं."