दोन कपांत टक्कल

शेळीचं दूध एकदम वाढलं आणि तिथूनच सलूनवाल्याच्या जिवाला घोर लागला.

सलूनच्या मागच्या दाराशी सुबाभूळ माजली होती. कोणी लावलेली नाही, कोणी पाणी घातलेलं नाही. बायको रोज तिचा पाला ओरबाडून शेळीपुढे टाकायची. शेळी तुकतुकीत झाली, दूध दाट झालं आणि त्या दुधाचा चहा दाढीबरोबर फुकट मिळू लागला. मग काय, दाढी उगवायच्या आधीच माणसं दाढीला यायला लागली.

त्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलताना त्यानं सहज बढाई मारली, "डॉक्टर, सुबाभळीनं कमाल केली हो! आम्ही दुसरं काही घालतच नाही."

"अहो, पाला पौष्टिक आहे, पण नुसता तोच नका घालू! विष असतं त्यात. केस जातात सगळे..."

आणि फोन कट झाला.

दुसऱ्या कोणी विचारलं असतं, कोणाचे केस? पण ज्याची उभी हयात लोकांच्या डोक्यात गेली, त्याला केस म्हटलं की गिऱ्हाईकच दिसणार. त्यानं खाली पाहिलं. फरशीभर केस! काळे, पांढरे, कुरळे. आपण सलूनमध्ये उभे आहोत हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही. त्यानं स्वतःच्या डोक्यात कंगवा घातला. दोन केस निघाले.

"अगं, चहा बंद कर!" तो मागच्या पडद्याकडे बघत ओरडला.

"का? दूध नासलं?"

"धंदा नासणार आहे! त्या सुबाभळीनं केस जातात. डॉक्टर म्हणाले."

"बरंच झालं की. तुमचे कापायचे कष्ट वाचले."

"अगं बाई, आपण लोकांच्या केसांवर जगतो!"

तेवढ्यात हेडमास्तर आत आले. सलूनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. अख्खी शाळा त्यांच्या शब्दावर याच सलूनमध्ये डोकी भादरून घ्यायची. शिवाय हेडमास्तरांचे केस म्हणजे काय! दाट, काळेभोर, एकही इकडचा तिकडे नाही. पण इथे फक्त दाढी. "केस आमची ही घरी कापते," असं ते म्हणायचे आणि त्या माउलीच्या हाताचा सलूनवाल्याला मनातून हेवा वाटायचा.

"चहा आण रे बाबा आधी."

"सर, चहा... चहापत्ती संपली."

"हा घ्या, सर!" पडद्यामागून बायको कप घेऊन हजर. हेडमास्तरांना नाही कोण म्हणणार? एक कप झाला. "वा!" म्हणत दुसराही झाला. प्रत्येक घोटाला सलूनवाला त्यांच्या डोक्याकडे बघत होता. अजून जागेवर आहेत. अजून आहेत.

दाढी कशीबशी झाली. त्यानं मानेचा टॉवेल ओढला, तो मागे कशात तरी अडकला. त्यानं जरा जोर लावला आणि हेडमास्तरांचे सगळेच्या सगळे केस टॉवेलबरोबर हातात आले.

आरशात एक गुळगुळीत गोटा चकाकला.

सलूनवाल्यानं टॉवेल, केस सगळं तिथंच टाकलं आणि धाडकन पाय धरले. "सर, मारा मला! माझ्या शेळीचं पाप आहे हे! सुबाभळीचं विष, सर! दुधातून गेलं!"

हेडमास्तर साबणासारखे पांढरे पडले होते. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"शेळीच्या दुधानं गेले म्हणतोस?"

"दोन कपांत, सर!"

"म्हणजे सगळ्यांना तसंच सांगता येईल." ते एकदम हुशारले. "माझा काही दोषच नाही यात!"

सलूनवाल्यानं कपाळावर हात मारला. गावभर हे कळलं की सलूनला कुलूप! तेवढ्यात फोन वाजला. त्यानं घाबरत स्पीकर लावला.

"मघाशी अर्धंच राहिलं," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या सुबाभळीनं शेळीचे केस जातात. सुकं गवत मिसळून थोडाच पाला घालत जा. दुधाची काळजी नको, माणसाचे केस नाही जात त्यानं."

सलूनवाल्यानं फोन बाजूला धरून हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी छताकडे पाहिलं.

"मग सर, हे...?"

"हळू बोल रे! दे इकडे."

दोघांनी खाली वाकून पाहिलं. टॉवेल होता. केस नव्हते. मागच्या दारातून आत आलेली शेळी डोळे मिटून, अगदी चवीनं काहीतरी चघळत होती. तिच्या ओठावरून एक काळीभोर बट आत गेली.

"उद्या शाळेत कुठल्या तोंडानं जाऊ?" हेडमास्तरांनी टॉवेलानं डोकं झाकलं.

"तोंड तेच, सर." सलूनवाल्याच्या अंगात पहिल्यांदाच बळ आलं. त्यानं वस्तरा उचलला. "कानामागचे तेवढे काढतो. सांगा, उकडत होतं, म्हणून गोटा करून घेतला. दूधही वाचलं आणि तुम्हीही वाचलात."

"कोणाला बोलणार नाहीस ना?"

फोनमधून डॉक्टर ओरडले, "अहो, आहात का? आज सुबाभळीबरोबर दुसरं काही खाल्लं का तिनं?"

हेडमास्तरांनी हात जोडले.

"हो डॉक्टर," सलूनवाला म्हणाला, "खाल्लं ना. सुकं गवत."

"कसलं?"

"काळं आहे, डॉक्टर. वर्षानुवर्षं आहे तेवढंच राहतं."