होडी काही केल्या उलटेना

दातांच्या डॉक्टरांनी ती होडी विकत आणली, तेव्हा ती होडी आहे हे त्यांच्याशिवाय कोणालाच पटलं नव्हतं. तळाला भेगा, शिडाला उंदरांनी पाडलेली भोकं, सुकाणू निखळलेलं. कुंड्या ठेवायला बरी आहे, असं शेजाऱ्यांचं मत पडलं. डॉक्टर मात्र हट्टाला पेटले. दवाखाना बंद करून घरी आले की जे मागच्या शेडमध्ये शिरायचे, ते जेवायला हाका मारून मारून बायकोचा घसा बसला की बाहेर यायचे. दात भरावेत तशी त्यांनी भेग न भेग भरली. नवं शीड शिवून घेतलं. उलटली तरी बुडू नये म्हणून बाकांखाली हवेच्या पिशव्या बसवल्या. शेवटी होडी अशी चकाकायला लागली, की पेशंटला तिच्यात बघून आपली दाढ तपासता आली असती.

पहिल्या फेरीला बायकोला न्यायचं, हा त्यांचा बेत. ती शाळेत गणित शिकवायची आणि पाण्याला भ्यायची. मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून घरात दोघंच उरली होती, आणि त्यातलंही एक माणूस शेडमध्ये. हे डॉक्टरांना कळत नव्हतं अशातला भाग नाही. हे सगळं तिच्यासाठीच चाललंय, असं ते स्वतःला सांगत आले होते. तिला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. ते एकदाचं सांगितलं, तेव्हा तिने पेपर तपासता तपासता ऐकून घेतलं आणि अट घातली.

"आधी ती माझ्यासमोर उलटी करून दाखवा. मग सुलटी करून, आत चढून दाखवा. मग मी बसते."

डॉक्टर उलट खूशच झाले. होडी मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करणं, हा तर सुरक्षिततेचा पहिला धडा. तळातून पाण्यात सोडलेली फळी होडी आडवी झाली की बाजूला येते. तिच्यावर उभं राहून मागे रेलायचं, की होडी उठते. डाव्या हातचा मळ आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि मदतीला मेहुण्याला बोलावलं.

मेहुण्याची बेकरी होती आणि देहावरून ती चांगली चालत असावी. डॉक्टरांनी त्याला सुकाणू सरळ धरायला शिकवलं, लाइफ जॅकेटचे पट्टे श्वास रोखायला लावून आवळले आणि रविवारी सकाळी दोघं तळ्यात उतरले. धक्क्यावर बायको छत्री घेऊन उभी राहिली.

काठापासून थोडं आत गेल्यावर डॉक्टरांनी खूण केली आणि दोघांनी उजव्या काठावर भार टाकला. होडी कलली, पाणी आत डोकावलं, आणि मेहुणा टुणकन डावीकडे जाऊन बसला. तो म्हणाला, माझं मन तयार आहे, भावोजी, पण अंग ऐकत नाही. पुन्हा प्रयत्न झाला. पुन्हा तेच. डॉक्टर ज्या बाजूला जातील, त्याच्या विरुद्ध बाजूला मेहुणा आपोआप पोचायचा, आणि होडी पुन्हा तराजूसारखी समतोल. डॉक्टरांनी त्याला कमरेला धरून ओढलं, त्याने डोलकाठीला मिठी मारली. त्या झटापटीत होडी वाऱ्याने तळ्याच्या मध्यावर कधी आली, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तळ्यावरच्या जीवरक्षकाच्या लक्षात आलं. तो मोटरबोट घेऊन तातडीने आला. डॉक्टर घामाघूम झाले होते आणि चिडलेही होते.

"आम्हाला वाचवू नका," ते म्हणाले. "आम्ही मुद्दाम करतोय. मघापासून प्रयत्न चाललाय, पण जमत नाहीये."

जीवरक्षकाने इंजिन बंद केलं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "घरी कोण कोण असतं, साहेब?"

"बायको. तिच्यामुळेच तर हे करायची वेळ आली."

"आणि हे?"

"हा तिचा भाऊ. हा मला करू देत नाहीये."

जीवरक्षकाने मेहुण्याकडे अत्यंत आदराने पाहिलं. मग डॉक्टरांना समजावलं, की संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, त्यासाठी एवढ्या टोकाला जायचं नसतं. बोलता बोलता त्याने हळूच होडीला दोर बांधला. ते पाहून डॉक्टर ताडकन उभे राहिले. नेमका तेव्हाच वारा फिरला. शिडाखालची आडवी काठी भर्रकन आली, ती चुकवायला दोघंही एकाच बाजूला झुकले, आणि इतका वेळ हटून बसलेली होडी अलगद आडवी झाली.

पाण्यात पडलेल्या डॉक्टरांचा चेहरा आनंदाने उजळला. आता फळीवर चढायचं, बायको बघतेच आहे. तेवढ्यात जॅकेटची मानगूट धरून कोणीतरी त्यांना वर उचललं.

"सोडा मला," डॉक्टर हातपाय झाडत ओरडले, "पाण्यात जाऊ द्या."

जीवरक्षकाने पकड आणखी घट्ट केली.

इकडे मेहुणा पाण्यातून बाहेर पडायला मिळेल त्याचा आधार शोधत होता. सापडली ती फळी. तो सगळ्या देहानिशी तिच्यावर चढला आणि होडी मुकाट्याने उठून सरळ उभी राहिली. मग काठावरून तो कसाबसा आत घरंगळला. धक्क्यावरून टाळ्या ऐकू आल्या.

जीवरक्षकाने त्याच दोराने होडी ओढत धक्क्याला आणून सोडली. किनाऱ्यावर डॉक्टरांना घोंगडीत गुंडाळून बाकावर बसवण्यात आलं. पुढचं ठरायला वेळ लागला नाही. बायको म्हणाली, उलटी झाली, सुलटी झाली, सुलटी करणारा आतही चढला. अट पुरी झाली. डॉक्टर उठू लागले, तर जीवरक्षकाने खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. आज पाण्याजवळ जायचं नाही. तेव्हा बायकोने जॅकेट चढवलं, छत्री नवऱ्याच्या हातात दिली, मोठा श्वास घेतला आणि भावाचा हात धरून होडीत पाऊल टाकलं.

शिडात वारा भरला आणि होडी निघाली. आपली होडी पाण्यावरून जाताना लांबून कशी दिसते, हे डॉक्टरांनी आजवर पाहिलंच नव्हतं. सुरेख जात होती. बायकोने आधी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता. मग एक हात सुटला. मग तोच हात पाण्यात गेला, आणि तिचं हसणं काठापर्यंत आलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जीवरक्षकाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

होडी लहान लहान होत चालली. मग डॉक्टर एकदम ताठ बसले. मेहुण्याला सुकाणू सरळ धरायला शिकवलं होतं, ते तो जिवाच्या आकांताने सरळच धरून बसला होता. वळवायला शिकवायचं राहून गेलं होतं.

त्यांनी हे सांगितलं, तसा जीवरक्षक मोटरबोटीकडे धावला. जाता जाता मागे वळून त्याने डॉक्टरांना बजावलं, "हे बघा साहेब, मी येईपर्यंत मनात वेडंवाकडं काही आणू नका."

डॉक्टरांनी छत्री उघडली आणि शहाण्यासारखे बसून राहिले.